लाल पोटाचा न्यूट: त्याचं खाणं, त्याची थंडी आणि पानात दुमडलेली अंडी

मार्चअखेरची सकाळ. टाकीतल्या एलोडिया या पाणवनस्पतीच्या फांदीवर न्यूटची मादी अलगद चढून बसली आहे. आधी ती नाकाने पानं हुंगते, एक सोडून देते, दुसऱ्यावर थांबते. मग मागचे दोन्ही पाय त्या पानाभोवती आवळते, विड्याचं पान दुमडावं तसं ते दुमडते आणि पोटाखाली धरून गप्प राहते. काही मिनिटांनी पाय सोडून निघून जाते. पान मात्र दुमडलेलंच राहतं, कारण आत एक चिकट अंडं आहे, जेमतेम २ मिलिमीटरचं. असं एकेक करत उन्हाळा लागेपर्यंत ती शंभरावर, कधी दोन-तीनशेही अंडी घालते आणि बहुतेक प्रत्येक अंड्याला वेगळं पान शोधते.

मी तोक्योत राहते आणि माझ्याकडे जपानी लाल पोटाचे चार न्यूट आहेत. मराठी मित्रमंडळी घरी आली की टाकीसमोर हमखास थबकतात. पहिला प्रश्न असतो, "ही पाल पाण्यात काय करतेय?" दुसरा, "हे खातं काय?" आणि पुढच्या वेळी आले की, "पिल्लं झाली का?" या तिन्ही प्रश्नांची उत्तरं एकमेकांत गुंतलेली आहेत, म्हणून एकत्रच सांगते.

न्यूट ही पाल नव्हे. पाल सरपटणारा प्राणी, तिच्या अंगावर खवले असतात. न्यूट बेडकासारखा उभयचर. त्याची त्वचा ओलसर असते आणि तिच्यातून पाणी, प्राणवायू आणि पाण्यात विरघळलेलं विषही आत-बाहेर होऊ शकतं. जपानी भाषेने दोघांची छान जोडी लावली आहे. न्यूटला म्हणतात इमोरी, लिहितात 'विहिरीचा राखणदार' अशा अक्षरांत. पालीला म्हणतात यामोरी, 'घराचा राखणदार'. आपल्या लोकांना न्यूट अनोळखी वाटतो त्यात नवल नाही. सह्याद्रीत बेडूक आहेत, देवगांडूळ आहे, न्यूट मात्र नाहीत. भारतात ते पूर्व हिमालयात आणि ईशान्येकडच्या डोंगरांत आढळतात. दार्जिलिंगजवळच्या जोरपोखरीत त्यांच्यासाठी अभयारण्य आहे. हिमालयातल्या त्या न्यूटला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे, त्यामुळे तो पकडणं किंवा घरी पाळणं गुन्हा ठरतो. मी सांगते आहे ते होन्शू, शिकोकू आणि क्यूशू या बेटांवरच्या भातखाचरांत, पाटांत आणि डबक्यांत राहणाऱ्या जपानी न्यूटबद्दल. पाठ काळपट, पोट लालभडक आणि त्यावर काळे डाग. लांबी साधारण ८ ते १३ सेंटिमीटर.

ते लाल पोट म्हणजे इशारा आहे. या न्यूटच्या अंगात टेट्रोडोटॉक्सिन असतं, म्हणजे फुगू माशात असतं तेच विष. हाताळल्याने माणूस दगावत नाही, पण हात लागला तर साबणाने धुवायचे आणि तोवर डोळ्यांना लावायचे नाहीत. खरं तर हातात घ्यायचंच नाही. आपल्या हाताची उष्णताही त्याला जाचते.

आधी पाणी

साठ सेंटिमीटर लांबीच्या टाकीत तीन-चार न्यूट सुखाने राहतात. पाण्याची खोली १५ ते २० सेंटिमीटर पुरे आणि एका कोपऱ्यात लाकूड किंवा दगड पाण्याबाहेर आलेला हवा. झाकण घट्ट पाहिजे. ओल्या अंगाने न्यूट उभी काच सहज चढतो, आणि बाहेर पडलेला न्यूट सोफ्यामागे सुकून मेलेला सापडणं यासारखं दुःख नाही. बारीक खडी नको, कारण खाण्यावर झडप घालताना तो खडाही गिळतो. मऊ वाळू तरी घाला, नाहीतर त्याच्या डोक्याहून मोठे गोटे.

नव्या टाकीत न्यूट लगेच सोडू नका. त्याच्या विष्ठेतून आणि उरलेल्या अन्नातून अमोनिया तयार होतो. एका जातीचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे नायट्रेट करतात. पहिली दोन रूपं विषारी, तिसरं बरंच निरुपद्रवी, आणि तेच वनस्पती खत म्हणून शोषून घेतात. हे जिवाणू फिल्टरच्या स्पंजवर वस्ती करायला ४ ते ६ आठवडे घेतात. तेवढी कळ काढायचीच. नळाच्या पाण्यातला क्लोरीन काढण्यासाठी इथे सोडियम थायोसल्फेटचे खडे मिळतात, ते वापरा.

वनस्पती मात्र भरपूर लावा. एलोडिया, जावा मॉस, काबोंबा अशा गार पाण्यात टिकणाऱ्या. त्या नायट्रेट पितात, लपायला जागा देतात आणि वसंतात पाळणाही होतात. एक जपायचं, तांबं असलेली झाडांची खतं किंवा माशांची औषधं या टाकीत घालायची नाहीत. उभयचरांना तांबं सोसत नाही.

खाणं

न्यूट मांसाहारी आहे आणि त्याला आधी दिसते ती हालचाल. जवळ आल्यावर वास कळतो. तो मुद्दाम एक पाऊल टाकतो, थांबतो, मान किंचित तिरकी करतो, नाक अळीपासून बोटभरावर आणतो आणि मग एका क्षणात तोंड उघडतो. पाण्याबरोबर अळी आत ओढली जाते. दात बारीक असतात, पण ते चावण्यासाठी नसतात, निसटू न देण्यासाठी असतात. घास सबंध गिळला जातो. म्हणून तुकडा त्याच्या डोक्याच्या रुंदीपेक्षा मोठा नसावा.

दुकानात सगळ्यात सोपा मिळतो तो गोठवलेल्या लाल अळ्यांचा ठोकळा. इथे त्याला आकामुशी म्हणतात. छोट्या चौकोनी खाच्यांत भरलेल्या लाल वड्या. एक वडी वाटीत विरघळवायची, लाल पाणी ओतून टाकायचं आणि चिमट्याने अळ्या न्यूटच्या नाकासमोर हलवायच्या. खातो, अगदी हावरटपणे खातो. पण वर्षभर तेवढंच दिलं तर ते आपल्याकडच्या नुसत्या भातासारखं होतं. पोट भरतं, शरीर भरत नाही. अळ्यांत कॅल्शियम फार कमी.

माझ्या मते न्यूटचं खरं जेवण म्हणजे गांडूळ. घरच्या कुंडीतलं, कीटकनाशक न लागलेलं, धुतलेलं आणि कापलेलं. पाणी मिळतं, प्रथिनं मिळतात, आणि गांडुळाच्या पोटातल्या मातीतून खनिजंही मिळतात. मासेमारीच्या दुकानातली पट्ट्यापट्ट्यांची गांडुळं घेताना एक ध्यानात ठेवा. दुखावल्यावर ती उग्र वासाचा पिवळसर द्रव सोडतात आणि काही न्यूट ती तोंडात घेऊन थुंकतात. माझा थोरला नर असा एकदा थुंकला तो पुढे दोन आठवडे कुठल्याच गांडुळाजवळ गेला नाही. गांडुळांखेरीज डॅफ्निया म्हणजे जलपिसवा, डासांच्या अळ्या आणि अधूनमधून बुडणाऱ्या गोळ्या. गोळीला हालचाल नसते, म्हणून ती चिमट्यात धरून थरथरवायची. काही महिन्यांनी त्यांना वासाने ओळख पटते.

मोठ्या न्यूटला आठवड्यातून दोन-तीनदा खाऊ घालणं पुरतं. ही गोष्ट आपल्या लोकांना पटवणं अवघड जातं. आमच्या घरी पाहुणा आला की "काही खाल्लं का त्याने?" हाच पहिला कळवळा. पण न्यूट थंड रक्ताचा आहे. शरीर तापवायला त्याला अन्न जाळावं लागत नाही, म्हणून त्याची भूक आपल्या मापाने मोजायची नाही. जास्त दिलं तर तो लठ्ठ होतो आणि जे उरतं ते तळाशी कुजून अमोनिया वाढवतं. अर्ध्या तासाने उरलेलं सगळं काढून टाका. एखाद्या दिवशी तो कातडीची पातळ पारदर्शक पिशवी अंगावरून मोज्यासारखी उतरवून स्वतःच गिळताना दिसेल. घाबरू नका, कात टाकून ती खाणं हे त्याचं नेहमीचं आहे.

चौघांना एकदम खायला घालताना एकाने दुसऱ्याचा पाय धरण्याचा धोका असतो, कारण हलतं ते सगळं अन्न. म्हणून मी प्रत्येकाला वेगळ्या कोपऱ्यात भरवते. तरीही पायाचं बोट तुटलंच तर धीर धरा, ते पुन्हा येतं. न्यूटचे पाय, शेपटी, डोळ्याचं भिंगही पुन्हा उगवतं. याच जातीच्या न्यूटवर झालेला एक प्रयोग २०११ साली प्रसिद्ध झाला. १६ वर्षांत त्याच प्राण्यांच्या डोळ्यातलं भिंग १८ वेळा काढलं आणि दर वेळी नवं आलं. शेवटी ते न्यूट निदान ३० वर्षांचे होते, आणि त्यांचं भिंग तरुण न्यूटच्या भिंगाइतकंच चांगलं निघालं. न्यूट विकत घेताना हा आकडा लक्षात असू द्या. तुम्ही हौस आणत नाही आहात, वीस-पंचवीस वर्षांसाठी एक माणूस घरात आणता आहात.

हिवाळा द्यावा लागतो

पिल्लं हवी असतील तर कसदार खाणं एकटं पुरत नाही. बहुतेकांचं इथेच चुकतं. वर्षभर २० अंशांच्या सारख्या पाण्यात ठेवलेले न्यूट धडधाकट दिसतात, पण वसंत आला हे त्यांच्या शरीराला कळतच नाही. जपानी डबक्यांत डिसेंबर ते फेब्रुवारी पाणी अगदी गार होतं. त्या थंडीनंतर पाणी पुन्हा कोमट होऊ लागणं, दिवस लांबणं, या दोन्हींनी शरीरात विणीची तयारी सुरू होते.

इथली घरं या बाबतीत सोयीची आहेत. जपानी घरात सगळीकडे हीटर नसतो. दाराशी चपला काढण्याची जागा असते, गेनकान, ती जानेवारीत गारठलेली असते. नोव्हेंबरपासून मी टाकी तिथे हलवते. पाणी हळूहळू ५ ते १० अंशांवर येतं आणि दोन-अडीच महिने तसंच राहतं. या काळात ते जवळजवळ हलत नाहीत. पाणी १० अंशांखाली गेलं की खाणं थांबवते, कारण पचन थांबलेलं असतं आणि पोटातलं अन्न कुजू शकतं. थंडीत ढकलण्याआधी न्यूट सुदृढ, भरलेला हवा. आजारी किंवा हडकुळ्या न्यूटला हिवाळा देऊ नका.

उन्हाळा मात्र उलटी परीक्षा घेतो. २५ अंशांवर न्यूटला त्रास सुरू होतो, २८ च्या पुढे जीव धोक्यात येतो. तोक्योचा ऑगस्ट ३५ अंशांचा. मी पाण्याच्या पृष्ठभागावर छोटा पंखा सोडते. पाणी उडून जाताना उष्णता घेऊन जातं, म्हणजे माठातलं पाणी गार होतं त्याच कारणाने, आणि दोन-तीन अंश उतरतात. फार तापलं तर खोलीचा एसी दिवसभर चालू. पुण्या-मुंबईतल्या वाचकांना म्हणूनच मनापासून सांगते, पाणी गार ठेवणारं यंत्र आणि वीज यांची खात्री नसेल तर हा प्राणी आणू नका. त्याला तिथे रोज ताप चढल्यासारखं जगावं लागेल.

प्रणय

थंडी सरताना नराचं रूप पालटतं. शेपटी रुंद होते, तिच्यावर निळसर-जांभळी झाक येते, मागच्या पायांमधला भाग फुगतो. मग तो मादीच्या वाटेत आडवा उभा राहतो, शेपटीचं टोक तिच्याकडे वळवून झरझर थरथरवत राहतो. दिसायला तो नाच वाटतो, प्रत्यक्षात तो पाण्यातून वास पाठवत असतो. १९९५ साली जपानी शास्त्रज्ञ साकाए किकुयामा आणि सहकाऱ्यांनी नराच्या ग्रंथीतून तो पदार्थ वेगळा केला. दहा अमिनो आम्लांची छोटी साखळी. तिला नाव दिलं सोडेफ्रिन, 'सोदेफुरी' या जुन्या जपानी शब्दावरून. सोदे म्हणजे बाही, फुरी म्हणजे हलवणं. प्रिय माणसाला दुरून बाही हलवून खुणावणं. गंमत अशी की एदो काळापासून (हा जपानचा सतराव्या ते एकोणिसाव्या शतकातला काळ) इथे भाजून काळी केलेली इमोरीची पूड वशीकरणासाठी विकली जायची. वश करणारं रसायन न्यूटमध्ये खरंच निघालं, फक्त ते भुलवतं न्यूटच्या मादीला.

मादी राजी असेल तर ती नराच्या मागे चालते, नाकाने त्याच्या शेपटीला स्पर्श करते. मग तो तळावर शुक्राणूंची एक छोटी पांढरट गाठ ठेवतो. मादी त्यावरून चालत जाऊन ती आत उचलून घेते. बेडकासारखी मिठी नाही. हे शुक्राणू ती आत महिनोन्महिने जपून ठेवते, शरदात झालेल्या भेटीचे वसंतापर्यंत. म्हणून एकटी विकत आणलेली मादीही फलित अंडी घालू शकते. याच गुणामुळे १९९४ साली कोलंबिया अवकाशयानातून या जातीच्या माद्या अंतराळात गेल्या. नर न नेताही तिथे अंडी मिळाली आणि वजनरहित अवस्थेत ती कशी वाढतात ते पाहता आलं. त्याच यानात चियाकी मुकाई होत्या, अंतराळात गेलेल्या पहिल्या जपानी स्त्री.

अंडं ते पिल्लू

पहिल्या वर्षी मी अंडी टाकीतच ठेवली. एका संध्याकाळी नर दुमडलेलं पान नाकाने उचकटून आतलं अंडं ओढताना दिसला. आठवडाभरात एकही उरलं नाही. मोठे न्यूट अंडी खातात, स्वतःचीसुद्धा. तेव्हापासून रोज सकाळी दुमडलेली पानं कात्रीने देठासकट कापते आणि दुसऱ्या पसरट भांड्यात, टाकीतल्याच पाण्यात ठेवते. पान उलगडायचं नाही.

साध्या भिंगानेही अंड्याच्या आत खूप दिसतं. दोन पेशी, चार पेशी, मग तुतीच्या फळासारखा गोळा, मग स्वल्पविरामासारखं वळलेलं शरीर. न्यूटची अंडी अशी मोठी आणि उघडी असल्यामुळेच जर्मनीत शास्त्रज्ञ हान्स स्पेमान यांनी तान्ह्या बाळाच्या केसाचा फास लावून ती विभागली आणि गर्भ कसा घडतो याचा शोध घेतला. १९२४ साली त्यांच्यासोबत शोधनिबंध लिहिणाऱ्या हिल्डे मान्गोल्ड त्याच वर्षी वारल्या. नोबेल १९३५ साली एकट्या स्पेमान यांना मिळालं. मला ती गोष्ट आठवल्याशिवाय भिंग उचलता येत नाही.

पांढरी पडून कापसासारखी बुरशी आलेली अंडी फलित नव्हती किंवा मेली, ती लगेच काढा. बाकीची २० अंशांच्या आसपास दोन ते तीन आठवड्यांत फुटतात. बाहेर येतं ते काडीसारखं पिल्लू, मानेशी पिसांसारखे कल्ले आणि गालांपाशी दोन बारीक टेकू. पाय फुटेपर्यंत याच टेकूंवर ते तोल सावरतं. पहिले दोन-तीन दिवस ते पोटातल्या बलकावर जगतं. त्यानंतर मात्र हलणारं अन्न हवंच. न हलणारं अन्न त्याला अन्न वाटत नाही.

इथे आर्टेमिया कामी येतो, खाऱ्या पाण्यातला सूक्ष्म जीव, ज्याची कोरडी अंडी डबीत मिळतात. लिटरभर पाण्यात २० ते ३० ग्रॅम मीठ, २५ ते २८ अंश उष्णता, हवेचे बुडबुडे, आणि दीड दिवसात नारिंगी ठिपके पोहू लागतात. एका बाजूला दिवा धरला की ते उजेडाकडे गोळा होतात. बारीक जाळीत गाळायचे, गोड्या पाण्याने धुवायचे आणि ड्रॉपरने पिल्लांसमोर सोडायचे. गोड्या पाण्यात ते काही तासच जगतात, म्हणून थोडे थोडे, रोज. मी दोन बाटल्या एका दिवसाच्या फरकाने लावते. दुसऱ्या वर्षी माझी डबी संपली, दोन दिवस अन्न नव्हतं आणि पिल्लांनी एकमेकांचे पाय चावले. नंतर ते उगवले, पण ती चूक पुन्हा होऊ दिली नाही. भांड्याचं पाणी रोज थोडं बदलायचं, तळाची घाण पिपेटने ओढायची. पिल्लं वाढली की आकारानुसार वेगळी करायची.

बेडकाच्या पिल्लाला मागचे पाय आधी येतात, न्यूटच्या पिल्लाला पुढचे. साधारण तीन ते पाच महिन्यांत कल्ले आक्रसतात, कातडी खरबरीत होते आणि पिल्लू पाण्याच्या काठाशी येऊन बसतं. त्या दिवशी चढायला काठ नसेल तर ते बुडून मरतं. पोहण्यात जन्मलेला जीव पाण्यात बुडतो हे ऐकायला विचित्र वाटतं, पण कल्ले गेलेले असतात आणि आता तो फुप्फुसांनी श्वास घेत असतो.

यापुढे जवळपास तीन वर्षं ते पिल्लू जमिनीवर राहतं. ओल्या शेवाळाचा डबा, झाकणाला भोकं, आणि रोज अगदी बारीक भक्ष्य. कोलेंबोला, म्हणजे कुजक्या पाल्यात टुणकन उडणारे इवले जीव, बिनपंखांच्या फळमाश्या, नुकतीच जन्मलेली नाकतोड्याची पिल्लं. सगळ्यात जास्त पिल्लं याच टप्प्यावर दगावतात, उपासमारीने. म्हणून मी अंडी दहा-बाराच ठेवते. तीनशे पिल्लांना तीन वर्षं कोण भरवणार?

जास्तीची पिल्लं किंवा टाकीतलं पाणी ओढ्यात कधीच सोडू नका. २०१० च्या सुमारास नेदरलँड्समध्ये सॅलमँडर, म्हणजे न्यूटचे भाऊबंद, झपाट्याने संपू लागले. त्यामागे एक बुरशी असल्याचं २०१३ साली कळलं. ती आशियातून आली आणि पाळीव प्राण्यांच्या व्यापारातून पसरल्याचं मानलं जातं. याच भीतीने अमेरिकेने २०१६ साली सॅलमँडर-न्यूटच्या २०१ जातींच्या आयातीवर बंदी आणली. आशियातले न्यूट ती बुरशी अंगावर बाळगूनही धडधाकट दिसू शकतात. युरोप-अमेरिकेतल्या आपल्या लोकांनी तिथला नियम पाहून, घरात जन्मलेलाच न्यूट घ्यावा. मी टाकीतलं पाणी बाथरूमच्या गटारातच ओतते, बाल्कनीतल्या झाडांनाही घालत नाही.

गेल्या हंगामातली चार पिल्लं सध्या शेवाळाच्या डब्यात आहेत, करंगळीच्या अर्ध्या लांबीची. उलटी केली तर पोटावर फिकट नारिंगी रंग चढतो आहे. डब्यात एका कोपऱ्यात पाण्याची उथळ बशी ठेवली आहे. रात्री कधी एखादं तिच्या काठावर येऊन बसतं, पाण्याकडे तोंड करून. अजून एकही आत उतरलेलं नाही.